मंगळवारी दुपारी मी येते

(गुढीपाडव्याच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला भाषणाची सवय नाही. मी राज्य सरकारच्या बांधकाम खात्यात नोकरी करतो. शिक्षण सिव्हिलचा डिप्लोमा. मंडळात आजवर मांडवाचं माप घेणं, लाइटवाल्याशी घासाघीस करणं आणि विसर्जनाला ट्रॅक्टर ठरवणं एवढीच कामं केली. पण यंदा सेक्रेटरी म्हणाले, "कॅन्सरच्या उपचारात घरच्यांनी आणि समाजानं काय करावं, यावर तू बोल." मी म्हटलं, डॉक्टरांना बोलवा. ते म्हणाले, "डॉक्टर औषधाचं सांगतील. तुझ्याकडून दुसरं ऐकायचंय." आज जे सांगणार आहे ते पत्नीला विचारून सांगतोय. ती दुसऱ्या रांगेत बसली आहे. काही चुकलं तर घरी गेल्यावर सांगेलच.

आधी एक कबुली देतो. गेल्या भाद्रपदात तुमच्यापैकी पुष्कळांनी मला विचारलं, "वहिनी दिसत नाहीत?" मी सांगितलं, पुण्याला बहिणीकडे गेली आहे. ते खोटं होतं. ती घरीच होती. लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीत, मांडवापासून पाच मिनिटांवर. आरतीच्या झांजा तिला खिडकीतून ऐकू येत होत्या. दरवर्षी अथर्वशीर्षाच्या आवर्तनांना पुढं बसणारी बाई त्या दहा दिवसांत डोक्याला रुमाल बांधून, दार लावून बसली होती. दार मी लावलं होतं.

मे महिन्यात तिला स्तनाचा कॅन्सर असल्याचं कळलं. जूनमध्ये ऑपरेशन झालं. तेव्हाही मी ऑफिसात आणि शेजारी "गर्भाशयाचं छोटं ऑपरेशन" म्हणून सांगितलं. जुलैपासून केमोथेरपी, एकवीस एकवीस दिवसांच्या अंतरानं आठ वेळा. मग डिसेंबर-जानेवारीत रेडिएशन, आठवड्यातून पाच दिवस. आता गोळ्या चालू आहेत, त्या निदान पाच वर्षं घ्यायच्या आहेत.

लपवलं का? मुलगी सेकंड पीयूसीला होती, तिच्या कानावर नको नको ते पडू नये म्हणून. उद्या तिचं स्थळ बघायची वेळ आली की "घराण्यात आहे" असं कुणी म्हणू नये म्हणून. आणि खरं सांगायचं तर लोकांची कीव मला सहन होणार नव्हती म्हणून. यातलं "घराण्यात आहे" हे तर बहुतेक वेळा खरंही नसतं. स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांपैकी साधारण पाच ते दहा जणींनाच तो आनुवंशिक दोषामुळं होतो. हा आजार संसर्गानं पसरत नाही, एका ताटात जेवल्यानं होत नाही. हे मी पुस्तकात वाचलं होतं, तरीही लपवलं. शिकलेला माणूस घाबरला की त्याचं शिक्षण कामाला येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आपल्या मंडळातल्या एक काकू प्रसाद घेऊन आमच्या दारात आल्या. त्यांचं नाव घेतलेलं त्यांना आवडणार नाही. मी ऑफिसात होतो. दार पत्नीनं उघडलं. काकूंनी तिच्याकडं पाहिलं, रुमालाकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, आहेस होय घरीच? मोदक आणलेत." आत आल्या. ओट्यावर मेथीची जुडी पडली होती, ती निवडायला घेतली. काय झालं, कधी झालं, कुठल्या स्टेजला आहे, काही विचारलं नाही. दुर्गदबैलच्या बाजारातल्या भाजीचे भाव, त्यांच्या नातवाची खोडी, असं तासभर बोलल्या. निघताना म्हणाल्या, "मंगळवारी दुपारी मी येते. दोन ते चार. तू झोपलीस तरी चालेल, मी पोथी वाचत बसेन."

त्या रात्री पत्नी पहिल्यांदा मोकळेपणी रडली. आणि मला म्हणाली, "तुम्ही माझा आजार झाकलात की मला?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही.

काकू पुढं पाच महिने मंगळवारी येत राहिल्या. एखादा मंगळवार चुकला तर आदल्या दिवशी फोन यायचा. आजच्या भाषणात मला सांगायचं आहे ते एवढंच आहे, बाकी सगळं त्याचं स्पष्टीकरण आहे.

आपण सगळे भल्या मनाचे लोक आहोत. कुणाला मोठा आजार झाला की आपण म्हणतो, "काही लागलं तर सांगा हं, संकोच करू नका." हे वाक्य मीही शंभर वेळा म्हटलं आहे. पण आजारी माणसाच्या घरात हे वाक्य काय करतं? काय लागतंय ते ठरवायचं त्यांनी, कुणाला सांगायचं ते ठरवायचं त्यांनी, आणि फोन करून मागायचंही त्यांनीच. ज्या घरात भाजी कुठली आणायची हे सुचत नसतं, त्या घराला आपण आणखी एक काम देतो. काकूंनी वार सांगितला, वेळ सांगितली, आणि नाही म्हणायलाही जागा ठेवली. आम्हाला काही मागावं लागलं नाही.

माझ्या कामातलं एक उदाहरण देतो. स्लॅब टाकला की त्याला पाणी मारावं लागतं. पहिल्या दिवशी टँकरभर पाणी ओतलं आणि नंतर कुणी फिरकलं नाही, तर स्लॅबला भेगा पडतात. निदान सात दिवस, उन्हाळ्यात त्याहून जास्त, रोज ओल राखावी लागते. काँक्रीटची ताकद अठ्ठावीस दिवसांनी मोजतात, पहिल्या दिवशी नाही. आजाऱ्याच्या घरी आपला ओघ पहिल्या दोन-तीन आठवड्यांत असतो. फळांच्या पिशव्या येतात, खुर्च्या पुरत नाहीत. उपचार मात्र आठ-दहा महिने चालतात. चौथ्या-पाचव्या केमोला, जेव्हा अंगातलं बळ संपतं, तेव्हा दारावरची बेल वाजत नाही.

आता मनाविषयी. सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे "मन खंबीर ठेव, निम्मा आजार तिथंच बरा होतो." सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण एका रात्री पत्नी मला म्हणाली, "मला आज रडू येतंय. म्हणजे माझा आजार वाढेल का हो?" तेव्हा कळलं की या वाक्यानं तिच्यावर केवढं ओझं टाकलं होतं. आजार तिचा, आणि बरं न होण्याचा दोषही तिचाच!

मग मी वाचायला लागलो. या प्रश्नावर मोठे अभ्यास झाले आहेत. १९८९ साली अमेरिकेत डेव्हिड स्पीगेल या मानसोपचारतज्ज्ञांनी स्तनाचा कॅन्सर शरीरात पसरलेल्या ८६ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या काही जणी आठवड्यातून एकदा एकत्र बसून मनातलं बोलत. त्या जास्त जगल्या, असं दिसलं. जगभर गाजावाजा झाला. पुढं २००१ साली कॅनडात २३५ स्त्रियांवर तोच प्रयोग पुन्हा झाला. त्यात आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. पण ज्या स्त्रिया गटात बसत होत्या त्यांची घालमेल कमी झाली आणि वेदनाही कमी जाणवल्या, विशेषतः ज्या सुरुवातीला फार खचल्या होत्या त्यांना.

मला यात दिलासा वाटला. म्हणजे रडल्यानं कॅन्सर वाढतो असं नाही, आणि हसल्यानं पळतो असंही नाही. औषधाचं काम औषधच करतं. पण आपल्या सोबतीनं दुखणं सुसह्य होतं, आणि हे काही थोडं नाही.

आपल्या गावातलंच बघा. गंगूबाई हनगल आपल्या हुबळीच्या. २००३ साली, वयाच्या नव्वदीत, त्या अस्थिमज्जेच्या कॅन्सरमधून बाहेर आल्या आणि २००६ साली पुन्हा मैफलीला बसल्या. लोक म्हणतात, मनाच्या जोरावर. पण त्याच घरात त्यांच्या कन्या कृष्णा हनगल, ज्यांनी आयुष्यभर आईला गाण्यात साथ केली, त्या २००४ साली कॅन्सरनंच गेल्या. त्यांचं मन काय कमी खंबीर होतं? तेव्हा जो बरा झाला त्याचं कौतुक जरूर करू या. पण जो गेला तो मनानं कमी पडला, असं चुकूनही सूचित करू नये.

घरात आम्ही एक साधी युक्ती केली. कॅन्सरच्या रुग्णांची घालमेल मोजायला डॉक्टर शून्य ते दहा अशी पट्टी वापरतात. शून्य म्हणजे काही त्रास नाही, दहा म्हणजे असह्य. चार किंवा त्याहून जास्त आकडा आला तर नीट चौकशी करायची. आम्ही ती पट्टी कागदावर काढून फ्रिजला चिकटवली. संध्याकाळी मी विचारायचो, "आज किती?" ती म्हणायची, "सहा." मग मी सल्ला द्यायचा नाही, फक्त विचारायचं, "कशामुळं?" कधी उत्तर यायचं मळमळीमुळं, कधी मुलीच्या परीक्षेमुळं, आणि एकदा आलं, "आज कुणी आलं नाही म्हणून."

पण सोबतीनं सगळं भागत नाही. दोन आठवडे झोप नाही, कशातच रस नाही, "माझं तुम्हाला ओझं झालंय" हे पुन्हा पुन्हा बोलणं, जगून काय करायचं असं म्हणणं, ही नुसती उदासी नव्हे. ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगायचं आणि मानसोपचारतज्ज्ञांकडं जायचं. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा आहे, नंबर १४४१६. दिवसरात्र चालू असते, कन्नडसह अनेक भारतीय भाषांत बोलता येतं.

आणि हे फक्त रुग्णाचं नाही. ऑक्टोबरात माझी झोप गेली. मेजरमेंट बुकात मी आकडे चुकायला लागलो, मुलीवर विनाकारण ओरडायला लागलो. आमच्या ऑफिसातला एक शिपाई मला म्हणाला, "सर, तुम्ही पण दाखवून घ्या." मग मी चिगरी बसमध्ये बसून धारवाडला डिमहॅन्सला गेलो. आपल्याकडं "धारवाडला पाठवायला पाहिजे याला" असं म्हणून हसतात, ते तुम्हाला माहीत आहे. मी पण हसायचो. तिथल्या डॉक्टरांनी माझं सगळं ऐकून पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही दुपारी जेवता का?" मी आठवून बघितलं तर गेले कित्येक दिवस नव्हतो जेवलो. तिथं जाण्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. उलट दोन महिने आधी गेलो असतो तर मुलगी इतकी घाबरली नसती.

आमच्या शेजारच्या अक्का कन्नड बोलणाऱ्या. आमचं खरं कळल्यावर त्या रोज कंपाउंडपलीकडून मला एकच विचारायच्या, "ऊटा आत्री?" जेवण झालं का? आणि झालं नसेल तर ताटात ज्वारीची रोटी आणि पल्या. पेशंटची चौकशी सगळेच करतात. पेशंटच्या माणसाला जेवलास का विचारणारं एक तरी असावं.

केमोच्या आधी दुसरं मत घ्यायला आम्ही मुंबईला परळला गेलो होतो. टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. तेव्हापासून देशभरातून माणसं तिथं येतात, आणि येणाऱ्याला औषधाइतकीच निवाऱ्याची आणि बोलणाऱ्या माणसाची गरज असते, हे मुंबईकरांनी ओळखलं. दादरला गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेत कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. परळलाच नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. १९६९ पासून कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन काम करते, १९९४ पासून व्ही केअर. हे सगळं उभं केलं ते आपल्यासारख्या साध्या माणसांनी. रांगेत माझ्यापुढं जळगावकडचे एक गृहस्थ होते, पत्नीला घेऊन आलेले. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "फाइलीच्या दोन झेरॉक्स ठेवा, आणि वहिनींसाठी फोडणी घरात करू नका." पहिलं मला कळलं. दुसरं पहिल्या केमोनंतर कळलं. फोडणीचा वास आला की तिला उलटी व्हायची.

आपल्या जवळ नवनगरला डॉ. आर. बी. पाटील यांनी उभी केलेली कर्नाटक कॅन्सर थेरपी अँड रिसर्च इन्स्टिट्यूट आहे. उत्तर कर्नाटकातल्या गावागावांतून माणसं तिथं येतात. मुंबईनं जे केलं त्यातलं थोडं लॅमिंग्टन रोडला का जमू नये? इमारत बांधायला नको. मी मंडळापुढं चार गोष्टी ठेवतो.

पहिली, वार वाटून घ्यायचे. ज्या घरात आजार आहे त्या घराला विचारून, चालत असेल तरच. एक माणूस, एक वार, एक काम. कुणी डबा, कुणी मुलांचा अभ्यास, कुणी रुग्णालयात सोबत, कुणी बिलांची कामं. डबा द्यायचा तर साधा द्या. मऊ भात, वरण, फोडणीशिवाय. आणि डबा परत मागू नका!

दुसरी, केमोचं वेळापत्रक बघून भेटायला जायचं. औषध दिल्यानंतरचे चार-पाच दिवस मळमळ आणि थकवा असतो, तेव्हा डबा द्या आणि दारातूनच परत या. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, जंतुसंसर्गाचा धोका असतो. तेव्हा फोन करा, सर्दी-खोकला असेल तर जाऊच नका. याच दिवसांत ताप १००.४ च्या वर गेला तर गोळी देऊन सकाळची वाट बघू नये, रात्रीच रुग्णालयात न्यावं. आणि तिसरा आठवडा बरा असतो. तो गप्पांचा आठवडा. तेव्हा जा, हसवा, पत्ते खेळा.

तिसरी, कागदपत्रांची माहिती असलेला एक माणूस मंडळानं ठेवायचा. हे काम मी करीन. सरकारी नोकरांना राज्य सरकारच्या आरोग्य योजनेत कॅन्सरवर कॅशलेस उपचार मिळतात. बीपीएल कुटुंबांना आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंत. उपचारासाठी रेल्वेनं जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत असते, सोबतच्या माणसाला ७५ टक्के. त्यासाठी रुग्णालयाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. आपल्यातल्या कितीजणांना हे माहीत होतं? मला नव्हतं.

चौथी, बोलताना थोडं आवरायचं. "माझ्या मामेसासूला अस्संच झालं होतं, सहा महिन्यांत गेल्या," हे सांगू नये. गोमूत्र, काढे, कुणाचा तरी चमत्कारी वैद्य, हे उपचार चालू असताना सुचवू नये. केसांविषयी बोलू नये. काय बोलावं सुचत नसेल तर मेथी निवडावी.

पत्नीची पुढची तपासणी जुलैत आहे. तारीख जवळ आली की पट्टीवरचा आकडा वर जातो, तिचाही आणि माझाही. भीती संपली असं मी म्हणणार नाही. केस परत आले आहेत, आधी होते त्यापेक्षा कुरळे. येत्या गणपतीत ती अथर्वशीर्षाला पुढं बसणार आहे, आवाज चढला नाही तरी. आणि मी कुणाला काही खोटं सांगणार नाही.

बाहेर पानसुपारीच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. पानावर वार आणि वेळ आखली आहे. सध्या आपल्या ओळखीतल्या दोन घरांना गरज आहे, त्यांनी होकार दिला आहे, नावं वहीत लिहिलेली नाहीत. पहिल्या ओळीत मी लिहिलं आहे, "गुरुवार, संध्याकाळी सहा ते आठ, रुग्णालयात सोबत." मंगळवार दुपार मोकळी दिसेल, पण ती काकूंची आहे, तिथं कुणी लिहू नका. बाकीचे चार वार आणि रविवार रिकामे आहेत.

एवढं बोलून थांबतो. गणपतीबाप्पा मोरया.